चपलांच्या रांगेजवळ

सर, आज दुपारी आपल्या संघाच्या कॅप्टनचा नांदगावहून फोन आला. शाळेतल्या बास्केटबॉलच्या मैदानाला तुमचं नाव देणार आहेत. तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीवर स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी मी चार ओळी लिहायच्या आहेत. "तू सरांचा लाडका व्हता. चांगलं लिही, लय ताणू नको," तो म्हणाला. इंदिरानगरच्या घरात खुर्चीवर बसून लिहितो आहे, कारण खाली बसलो तर उठताना मुलाला हाक मारावी लागते. पूजाही खुर्चीवरूनच करतो. देवासमोर शेवटची मांडी कधी घातली, आठवत नाही. त्र्यंबकेश्वरला जातो, दर्शन घेतो आणि ब्रह्मगिरीकडे खालूनच हात जोडून परत येतो. हे चार ओळींत कुठे घालू?

तुम्ही काय उभं केलंत ते मी विसरलेलो नाही. ज्या गावात हा खेळ कोणी पाहिला नव्हता, तिथे तुम्ही मुरमाच्या जमिनीवर दोन खांब रोवलेत आणि खंडेनवमीला चेंडूंना हळदकुंकू वाहिलंत. बूट कोणाकडेच नव्हते, आम्ही अनवाणी खेळायचो. चपला खांबाशी रांगेत काढायच्या आणि जो दुखतंय म्हणेल त्याने त्या राखत बसायचं, हा तुमचा नियम. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, आवाज चढवला नाहीत. त्याची गरजच नव्हती. एकदा चपला राखल्या की पोरं वर्षभर त्याला वर्गात विचारायची, "काय रे, माझी डावी कुठंय?"

जिल्ह्याच्या अंतिम सामन्याची सकाळ. नाशिकचं सिमेंटचं मैदान, कडेला आमच्या चपलांची रांग. दोन दिवसांपूर्वी सरावात माझा गुडघा पिरगळलेला आहे आणि आता तो टम्म सुजला आहे. तुम्ही वाकता, अंगठ्याने दाबून पाहता. माझा श्वास अडकतो. तो तुम्हाला ऐकू जातो, सर, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. मग सगळ्यांदेखत विचारता, "खेळतो का चपला राखतो?" पोरं हसतात. मी म्हणतो, "खेळतो सर. दुखत नाय." तुम्ही खिशातला रुमाल काढून गुडघ्याला आवळून बांधता. उत्तरार्धात उडी मारून खाली आलो तेव्हा आत काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. आपण जिंकलो. तुम्ही मला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारलीत. तो फोटो अजून शाळेच्या ऑफिसात आहे. माझ्या वडिलांना म्हणालात, "आठ दिवसांत पळायला लागेल."

मी सोळा वर्षांचा होतो, तुम्ही चाळिशीचे. लोक म्हणतात, सरांनी विचारलं तरी होतं. कसलं विचारलं होतं? त्या प्रश्नाला सोळा वर्षांच्या पोराकडे एकच उत्तर होतं, आणि ते तुम्हाला विचारण्याआधी माहीत होतं. पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्या कोणाला तेच विचारलंत, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्याला. स्मरणिकेत तुमचे सगळे चषक छापतील. आमच्यातले किती जण आज जिना चढताना कठड्याला धरतात, ते कोण छापणार? रोज देवापुढे मी सगळ्यांसाठी मागतो. तुमचं नाव आलं की अजून अडखळतो.

तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दहाव्याला रामकुंडावर आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. बाकीचे चपला काढून पाण्याकडे उतरले, मी वरच्या पायरीवर त्या चपलांपाशी बसलो. कॅप्टन मागे वळून म्हणाला, "बसला का शेवटी?" सगळे हसले, रडता रडता तुमची मुलगीही हसली. मी गुडघ्यावर हात ठेवून दाखवला.

चार ओळी मी देणार नाही. कॅप्टनला उद्या तसं कळवीन. हे पत्र तर कुठे धाडायचं, तेच कळत नाही. पण त्या दहाव्याचं एक कोणाला बोललो नाही. त्या सकाळी गुडघा ठीक होता. पायऱ्या उतरता आल्या असत्या. चपला राखायला मला कोणी सांगितलंही नव्हतं.