फॅरिंगोलॅरिंजेक्टॉमीचे आठ ठोकळे

४ मार्च
माझ्या हातची कामं: पलंग, दोन कपाटं, हिच्या शिलाई मशीनचं टेबल, न डुगडुगणारं स्टूल (दुकानात दाखवा मिळालं तर!) आणि आजचे आठ ठोकळे. एकेकावर एकेक तुकडा कोरला — फॅ-रिं-गो-लॅ-रिं-जेक्-टॉ-मी. हिच्या घशात गाठ आहे. स्वरयंत्र काढायचंय, त्या ऑपरेशनचं हे नाव. सर्जन ते अर्धं गिळतात. जोर ‘जेक्’वर हवा, म्हणून तेवढा ठोकळा शिसवी. बाकी साग. सुतारकी आणि उच्चार, दोन्ही मला कुणी शिकवलेलं नाही.

५ मार्च
हिला घेऊन बसलो. ‘रिं’ला अडखळते. म्हणाली, “अहो, नाव नीट घेतलं तर आवाज राहणार आहे का?”
प्रश्न अवांतर. पुन्हा म्हणायला लावलं.

७ मार्च
सर्जनांना ठोकळे मांडून दाखवले. नुसतं ऑपरेशन म्हटलंत तरी चालतं, म्हणाले. चालतं! चालतं म्हणणाऱ्यांच्याच दारांना फटी राहतात.

८ मार्च
मेव्हणा आला. बहीण-भावाच्या गप्पा काही आवरेनात. शेवटी मीच सरावाची वेळ झाल्याचं सांगितलं. जिन्यात मला म्हणाला, “दाजी, चार दिवस उरलेत तिच्या आवाजाचे. हे पाढे कसले घोकून घेताय?”
याने जन्मात एक खिळा सरळ ठोकलेला नाही.

११ मार्च
‘लॅ’चा अजून ‘ला’ होतो. मुलीचा फोन लवकर ठेवायला लावला.

१२ मार्च
ऑपरेशन. स्ट्रेचरवर हिने माझं बोट धरलं आणि आठही तुकडे एका दमात म्हटले. जोर बरोबर ‘जेक्’वर. मग म्हणाली, “झालं समाधान?” दार लागलं.
उच्चार निर्दोष.

१३ मार्च
दुसरं काही बोलायचं असेल का तिला?

२ एप्रिल
घरी आणलं. पाटी-पेन्सिल दिली, ती बाजूला सारली. ठोकळे आपटते. साग म्हणजे पाणी. शिसवी म्हणजे मी. चहा पांचट झाला तरी शिसवीच!

१९ एप्रिल
सर्जनांचा फोन. शिकाऊ डॉक्टरांना उच्चार शिकवायला ठोकळे हवेत. अक्षरं राहिली नाहीत म्हटलं — त्यांच्या कडा हिच्या बोटांना टोचत होत्या, म्हणून कालच रंध्याने ती काढून टाकली. मग नवे कोरून द्या, म्हणाले. नाही म्हटलं. बारा हजार देत होते.