बाटलीतली बरगडी

राजमान्य राजश्री पोपटराव व्याही, मुक्काम कळंब, यांस कुंभिवलीहून नामाचा हात जोडून रामराम. तुमचा दमा, मोतीबाई विहिणींचे गुडघे आणि तांबड्या बैलाचं मोडकं शिंग, सगळ्यांची चौकशी केली असं समजावं. इकडे सगळे ठीक. नात हिरू ठेवून घेऊन तुम्ही माघारी धाडलेली आमची सुंदराही आता ठीक आहे, तेच कळवायला हे पत्र.

हिरूला उचलायला वाकलं की बरगडीत कट्ट होतं म्हणून ती खाली बसायची, आणि विहीणबाई म्हणायच्या, सोंग हाय. (अठराव्या वर्षी कुणाची बरगडी दुखते, हा त्यांचा सवाल मलाही पटला होता, खोटं कशाला बोलू.) इकडे एकाने उसण म्हणून तेल रगडलं, एकाने वात म्हणून इतका लसूण चारला की म्हैस तिला जवळ येऊ देईना. भगताने सासरकडची बाधा सांगितली. (तुमचं नाव त्याने घेतलं नाही, मीच सुचवलं.) मग तापल्या सळईचे डाग दिले. ते अजून आहेत. दुखतंय का विचारलं की पोर हसून दाखवायची, ते मला बघवत नव्हतं.

शेवटी कर्जतहून गाडीने मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बोटं आकड्यासारखी वाकवून बरगडीच्या कडेखाली घातली आणि ओढली. कट्ट झालं, सुंदरा कळवळली, आणि मी, तिचा बाप, हसायला लागलो. नर्सबाईंना मी वेडाच वाटलो असेन. पण व्याही, दोन वर्षं ती सांगत होती तो आवाज पहिल्यांदा दुसऱ्या कुणी ऐकला होता. बरगडीच्या टोकाचं मऊ हाड सुटून वर घसरतं नि नस चिमटते, एवढंच दुखणं. भूल देऊन तेवढं कापलं. आता आवाज नाही, कळ नाही.

हे पत्र घेऊन येणाऱ्या सहदेवाबरोबर बाटली धाडली आहे, त्यात ते हाड आहे. विहीणबाईंनी उजेडात धरून बघावं आणि सुनेला नांदायला न्यावं.

तुमचा, अजून तरी सोयरा,
नामा

ता. क. बाटली उघडू नका. डॉक्टरांनी हाड दिलंच नाही, हे बोकडाचं आहे. सुंदराच्या कुशीवरची टाक्यांची खूण मात्र खरी आहे.

आणखी ता. क. न्यायचं नसेल तर राहू द्या. हिरूला तेवढं चार दिवस पाठवा. सुंदरा परड्यातला मोठा भोपळा कडेवर घेऊन अंगणात फिरते, वजन पेलतंय का बघते. काल तिच्या आईने तो भाजीला घेतला, तर तिने चिरू दिला नाही.