देवतलावाचं तापमान

८ डिसेंबर
संघप्रियाची नेमणूक आली. आरोग्यसेविका. मेअखेरपर्यंत गडचिरोलीत ट्रेनिंग, रोज सावलीहून बसने जाणं-येणं. मग जूनमध्ये अहेरीच्या पुढचं उपकेंद्र. बायकोला सरकारी नोकरी, घरात आनंद. एकच भानगड. उपकेंद्र नदीपलीकडे, पूल नाही, पावसाळ्यात डोंग्याने जायचं. आणि तिला पाण्याची भीती.
म्हणाली, तुमाले तं पोहता येते. दहावीत देवतलाव पार केला होता ना तुमी? मग पावसाच्या आधी मले शिकवा. पुरात पलीकडे कोनाचं बाळंतपण आलं तं मी काठावरच बसून राहू का?
देवतलावाची गोष्ट मी लग्न जुळताना सांगितली होती. बारा वर्षं झाली, तरी शब्दन् शब्द लक्षात. असो. ठरलं. जूनच्या आधी संघप्रिया पोहणार, शिकवणारा मी.
उद्या पहाटे पाचला तलावावर.

९ डिसेंबर
सातला उठलो. धुकं. धुक्यात काठ दिसत नाही. भूगोलाचा शिक्षक आहे मी, एवढं कळतं.

१४ डिसेंबर, सकाळी ६.४०
आधी तापमान, मग पोहणं. ही शास्त्रीय पद्धत. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर पाण्यात धरला. आकडा नाहीच, नुसतं 'लो'. आकडासुद्धा बाहेर यायला तयार नाही इतकं थंड!
संघप्रिया म्हणाली, तो बत्तीसच्या खाली सगळ्यालेच लो दाखवते, अन् आता धुऊन ठेवा त्याले. म्हटलं, मी तरी काय सांगतोय? लोच आहे.
फेब्रुवारीपर्यंत स्थगित.

५ जानेवारी
चंद्रपूरहून माशांच्या टाकीचा थर्मामीटर आणला. सुतळीला बांधला, खाली दगड. बांधावरून सोडत होतो तेवढ्यात मुखरूभाऊ आले. मासेमारी सोसायटीचे सर्वांत जुने सभासद, जन्म याच तलावावर गेलेला. विचारलं, गुरुजी, बिना गांडोळाची गरी काऊन टाकून राह्यले? सांगितलं, संशोधन आहे. वर १९, तळाला १८. त्यांनी हात बुडवला आणि म्हणाले, बेस पानी आहे, उतरा.
मुखरूभाऊंकडे अनुभव आहे. डेटा नाही.

११ फेब्रुवारी
२३. तापमानाबद्दल तक्रार नाही. पण शिंगाड्याचे जुने वेल तसेच पाण्यात. पाय अडकला तर? सोसायटीने साफ करायला नको? या तालुक्यात एक काम वेळेवर होत नाही. संघप्रिया म्हणाली, पोट्टे तं तिथीच पोहून राह्यले. पोट्ट्यांचे पाय बारीक असतात.

२ मार्च
वेळ वाया जाऊ नये म्हणून घरीच थिअरी सुरू. तिला पलंगावर पालथं झोपवून हात-पाय मारायला लावले. मी बाजूला उभा राहून आकडे मोजत होतो. दोनशेला पलंगाची फळी तुटली. म्हणाली, पलंगाच्या बाहेर कई निघाचं? घाई, हाच तिचा प्रॉब्लेम आहे.

२३ मार्च
वर २८. आज उतरायचंच म्हणून टॉवेल घेऊन गेलो. सावधगिरी म्हणून सुतळी सोडली. तळाला २२! उन्हाळ्यात खोल तलावात पाण्याचे थर पडतात, हे मी दरवर्षी नववीला शिकवतो आणि आज मलाच विसर पडत होता. मानेपर्यंत उन्हाळा, पायाला हिवाळा. एका माणसाने दोन ऋतू कसे सोसायचे? टॉवेल कोरडाच परत.
संघप्रिया म्हणाली, काठाले पानी कमरेइतकं, तिथी थर कुठी आले?
याला शंका काढणं म्हणतात.

६ एप्रिल
पंधरा दिवस झाले, ती पोहण्याचं नाव काढत नाही. पद्धत पटलेली दिसते.

१९ एप्रिल
संध्याकाळी ट्रेनिंगहून आली तर केस ओले. म्हणाली, गरमी किती आहे बाप्पा! बसमध्ये एवढा घाम? हवेतली आर्द्रता वाढली असणार. वहीत नोंद केली. शिवाय भात दोनदा वाढून घेते आणि नऊला आडवी होते. नोकरीचं टेन्शन. खांदेही दुखतात म्हणे. बॅग जड असावी.

११ मे
३३. हे पाणी नाही, चहा आहे. त्यात तलाव आटून काठाला गुडघाभर चिखल. डिसेंबरात थंड, फेब्रुवारीत वेल, मार्चात थर, आता हे. निसर्गाला माझं काही बरं बघवतच नाही. तिला म्हटलं, काळजी करू नको, शेवटच्या आठवड्यात क्रॅश कोर्स घेऊ. हसली. कशाला ते कळलं नाही.

२५ मे, संध्याकाळी ६.३०
आजवर नेहमी सकाळी मोजायचो. आज पहिल्यांदाच संध्याकाळची नोंद घ्यायला गेलो. बायकांच्या घाटाकडून कोणीतरी बाई पोहत होती. थेट बांधाजवळच्या खोल पाण्यात. हात साधेच, पण दम जबरदस्त. मनात म्हटलं, अशी विद्यार्थिनी हवी होती.
ती बाहेर आली. संघप्रिया.
मार्चअखेरीपासून चाललंय. बसमधून तलावाच्या फाट्यावरच उतरायची. मुखरूभाऊंच्या पत्नी गिरजाबाई शिकवायच्या. आधी पाठीला वाळक्या भोपळ्याचा तुंबा बांधून, मग तुंबा सोडून.
मी चिडलो. घाटावरच्या सगळ्यांसमोर म्हटलं, मी असताना दुसऱ्याकडे जायची गरज काय? तर काठावर जाळं आवरत असलेले मुखरूभाऊ तिला म्हणाले, बाई, गुरुजीवर रागावू नोको. लहानपनी इथीच बुडून राह्यले होते, काठापासून चार हातावर. मीच केसाले धरून काहाडलो. तवापासून पान्याले भेतात ते.
संघप्रिया माझ्याकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, मले सांगाचं ना.
रागावली असती तर बरं झालं असतं.

२६ मे
पार करणं म्हणजे नेमकं किती अंतर, हा व्याख्येचा प्रश्न आहे. चार हात म्हणजे काहीच नाही असं नव्हे.

३० मे
माझ्याकडे एक्केचाळीस नोंदी आहेत. गिरजाबाईंकडे एकही नाही. तरी गावात नाव त्यांचं. फार वाईट वाटतंय, आणि कोणावर रागवावं तेही कळत नाही.
निदान रुजू व्हायला तिला नदीपलीकडे मीच सोडून येणार. नवरा म्हणून तेवढं तरी.

२२ जून, उपकेंद्र, संध्याकाळी
नदी लाल, फुगलेली. डोंग्यात एक म्हातारी, तिच्या दोन शेळ्या आणि आम्ही. डोंगा चालवणारे बिरजूभाऊ म्हणाले, ज्याले पोहता येते ते टोकाले बसा, नाई येत ते मधात.
संघप्रिया गेली आणि टोकाला बसली. लशीचा डबा मांडीवर.
बिरजूभाऊंनी मला विचारलं, भाऊ, तुमाले येते का?
तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम. नदीकडे बघत राहिली. काय सांगायचं ते माझं मला ठरवू दिलं. डोंगा काठालाच हलत होता.
म्हटलं, नाही.
बारा वर्षांत पहिल्यांदाच.
म्हातारीने एक शेळी जरा सरकवली. मी मधे बसलो.