मोटारशाळेतला लाल ठिपका

पुणे छावणी,
ता. ४ नोव्हेंबर १९३६

ती. सौ. आक्कास,
रामहरीचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व खुशाल.

हवालदार झाल्यापासून मी हवेत चालतो, असं दाजी म्हणतात म्हणे. त्यांना सांग, मेहुणा जमिनीवर आलाय. मला मोटारशाळेत लॉरी शिकवायला लावलंय. शिकणारे गडी बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले, अक्षराशी जेमतेम ओळख असलेले. आणि पुस्तक म्हणशील तर कारकुनानं इंग्रजीवरून उतरवलेलं. एक वाक्य संपेपर्यंत माझाच दम जातो.

यातला सांगोल्याकडचा गुंडा हाताचा फार हुशार. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो, पण पुस्तक उघडलं की त्याला घाम फुटतो. नाताळाआधी परीक्षा आहे. नापास होईल त्याचं नाव कापून त्याला घरी धाडणार. घरी आई एकटी, थोडी मेंढरं आणि कोरडं रान. काल तो मला म्हणाला, "हवालदार, अक्षरं माज्याच्यानं व्हायची न्हाईत. मला आत्ताच लावून द्या." ऐकून जेवण गेलं नाही.

तू पहिलीच्या मुलींना शिकवतेस. पुस्तक पाठवतोय. यातून काहीतरी वाट काढ. दाजींना नमस्कार, आणि माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.
तुझा, रामहरी


सोलापूर,
ता. १३ नोव्हेंबर १९३६

चि. रामहरीस अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पुस्तक पाहिलं. हे लिहिणाऱ्यानं लॉरी हाकली नसावी आणि शिकवलं तर कुणालाच नसावं.

मी सुटी पानं केलीत. एका पानावर एकच काम; वर चित्र, खाली दोन-तीन मोठे शब्द. बसायची ढब कळावी म्हणून तुझ्या दाजींना पाटावर बसवून हातात लॉरीचं चाक म्हणून परात दिली. शेजारीण आली तेव्हा ते ती परात फिरवत होते. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बेताचंच आहे.

गरम असताना जिथं हात लावायचा नाही, तिथं लाल शाईचा ठिपका दिलाय. दिवाळीचा लाडू वेगळा पाठवते. गुंडालाही दे. जपून राहा, आम्हाला विसरू नकोस.
तुझी, आक्का


पुणे छावणी,
ता. २२ नोव्हेंबर १९३६

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार. पानं सगळ्यांना आवडली, पण एक वाईट झालं. खंडेनवमीला आम्ही लॉऱ्यांची पूजा केली होती आणि इंजिनापुढच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाला कुंकू लावलं होतं. तुझ्या चित्रात तिथंच लाल ठिपका. गुंडाला वाटलं, गाडी हाकून आलं की इथं पाया पडायचं. त्यानं तापलेल्या झाकणाला दोन्ही तळवे टेकले. फोड आलेत. हाताला पट्ट्या बांधून दवाखान्यात बसलाय.

साहेबांनी पानं बंद केली. मी फार विनवलं तेव्हा म्हणाले, एकदा सुधारून आण, पुन्हा कुणी भाजलं तर पुस्तकच चालेल. गुंडा तर घरी जायचंच म्हणतो. तुला दोष देत नाही गं, पण लवकर लिही.
तुझा, रामहरी


सोलापूर,
ता. ३० नोव्हेंबर १९३६

चि. रामहरीस आशीर्वाद. पत्र वाचून मी रडले. चूक माझी, भाजला तो.

मंगळवारच्या बाजारात पानं घेऊन गेले. मेंढरं विकायला आलेल्या बायामाणसांना काही न सांगता विचारलं, यात काय दिसतं? लाल ठिपक्यावर सगळ्यांचा हात कपाळाकडे गेला. मग विचारलं, तुमच्या रानात कुणी शिरू नये म्हणून काय करता? एक बाई हसून म्हणाली, "बाभळीची फांदी आडवी टाकायची की. तिला कोन हात लावतंय?"

सगळी पानं नव्यानं काढलीत, ठिपक्याच्या जागी काटेरी फांदी. आता तू आधी सांगू नकोस. आधी गुंडाला विचार, या पानात तुला काय दिसतं? तो चुकला तर पान चुकलं असं समज आणि मला कळव. त्याला म्हणावं, आक्काला तुझी गरज आहे, परीक्षा होईपर्यंत थांब. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत.
तुझी, आक्का


पुणे छावणी,
ता. २० डिसेंबर १९३६

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार. गुंडा थांबला. तुला त्याची गरज आहे म्हटल्यावर त्यानं पानं मागून घेतली. दोन पानं त्यानं चुकीची ठरवली. ती सोबत पाठवतोय, रागावू नकोस.

काल परीक्षा झाली. साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि म्हणाले, करून दाखव. गुंडानं सगळं करून दाखवलं. आमचे सगळे गडी पास झाले. गुंडाला पलटणीची लॉरी मिळणार. आईला कळवायला त्यानं माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. मला लिहिताना नीट दिसत नव्हतं, हे दाजींना सांगू नकोस.

आता पानांचं काम संपलं म्हणून मी ती गोळा करायला गेलो. गुंडा त्याची देईना. खाटेवर बसून त्यानं एका चित्रावर तळहात झाकून धरला होता आणि खालच्या शब्दावर बोट ठेवलं होतं. मला म्हणाला, "चित्रं समदी झाली, हवालदार. आता हितलं शिकवा की."
तुझा, रामहरी