चापातला खडा

प्रिय भिंगरी,

हा तिसरा कागद. आधीच्या दोन्हींचे बोळे झाले. चार ओळी लिहिते, उठते, गॅस बंद आहे ना बघते, परत बसते. तुझी आई म्हणाली, आई, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय का? म्हटलं, भिंगरी शिबिरात आहे, इथे नुसती तिची आजी. तिथे तुमचे फोन काढून घेतात, म्हणून हे पत्र. शनिवारी बाबा तुझं पिस्तूल घेऊन येईल, त्याच्याच पेटीत ठेवतेय. आधी हे वाच, मग पिस्तुलाला हात लाव. चौथी शिकलेल्या बाईच्या चुका काढत बसू नकोस.

घरी सगळे बरे. बाबाने गळका नळ स्वतः दुरुस्त केला, आता तो दुप्पट गळतो. तुझ्या आईने खाली बादली ठेवलीय, म्हणजे काय ते समज. माझा गुडघा मात्र झकास. कसा, ते येतंच पुढे.

गेल्या निवडीत एका गुणाने मागे राहिलीस, तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. घरी येऊन रिकामं पिस्तूल माझ्या हातात दिलंस, म्हणालीस, आजी, भिंतीकडे धर आणि चाप ओढ. ओढला. आधी मऊ, मग जरा अडला, आणि सुटायच्या ऐन आधी घासात खडा यावा तसं कचकन झालं. बाबा म्हणाला, कुठे काय? तुझ्या सरांनाही लागलं नव्हतं. मी म्हटलं, आहे गं, खडा आहे, तर तू अशी मिठी मारलीस की माझा चष्मा वाकला. तो खडा आता येणार, आता येणार म्हणून तू थांबतेस, थांबलीस की हात हलतो, आणि छर्रा जातो काठाला. मंगळवारी परत निवड. यंदा हुकलं तर ज्युनियरचं वय संपलं. म्हणून तर जाताना पिस्तूल दुरुस्तीला मिस्त्रींच्या दुकानात टाकून गेलीस. त्यांचा हात लागला की मला घोर नाही, म्हणालीस.

मला खडा लागला त्यात नवल नाही. एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर बसले. मशीनच्या हुकाला केसाएवढा ओरखडा पडला तरी धागा तुटतो. मेकॅनिक यायचा दुपारी, तोवर माझे शर्ट राहायचे. मग मीच हुक काढायची, नखावरून फिरवायची, ओरखडा सापडला की बारीक कागदाने घासायची. मेकॅनिक म्हणायचा, मावशी, माझ्या पोटावर पाय देता. म्हणायची, पोट आधी आत घे, मग बोल.

तर मी पिस्तूल आणायला गेले. मिस्त्री म्हणाले, उद्या या. उद्या गेले, परत उद्या. तिसऱ्या दिवशी मी ठाण मांडूनच बसले आणि पाणी मागितलं. ग्लास माझ्यापर्यंत पोचेतो अर्धं पाणी फरशीवर. तेव्हा त्यांचा उजवा हात दिसला. थंडीपासून असा थरथरतो, म्हणाले. मोठी कामं होतात, हे होत नाही. पोलादाचे दोन इवलेसे तुकडे एकमेकांवर टेकतात, टेकतात ती बाजू आरशासारखी हवी, आणि कोपरा मात्र तसूभरही बदलायला नको. आजी, कुठे बोलू नका, दुकान बसेल माझं. मी म्हटलं, तुकडा दाखवा. नखावरून फिरवला, म्हटलं, हा घ्या तुमचा खडा. त्यांनी भिंगातून पाहिलं, मग भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. कुठे शिकलात? म्हटलं, काजात.

हो, भिंगरी. डोळे त्यांचे, बोटं माझी. नऊ दिवस. घरी सांगितलं, गुडघ्याच्या व्यायामाला जाते. आधी भंगारातले तुकडे खराब केले, मग नवीन तुकडा हाती दिला. दाबू नका, म्हणून ओरडायचे, पोळ्या लाटताय का? मी म्हणायची, पोळी तरी ओरडत नाही. मी असं हसले नव्हते कित्येक वर्षांत. त्र्याहत्तराव्या वर्षी मला नवीन काम आलं गं!

एकदा फजिती झाली. अर्धा किलो टांगलं तरी चाप सुटता कामा नये, हा तुमच्या खेळाचा नियम. मिस्त्रींकडचं मापाचं वजन त्या दिवशी क्लबात गेलेलं. मला कुठला धीर? साखरेची अर्ध्या किलोची पुडी आणून दोऱ्याने टांगली. चाप हलला नाही, मी नाचायची बाकी. दुसऱ्या दिवशी खरं वजन टांगलं, तर टक्! पुडी मोजली, वीस ग्रॅम कमी. त्या वाण्याला मी असं झापलं की बाहेरची गिऱ्हाइकंही आपापल्या पुड्या मोजायला लागली. मग स्क्रू थोडा आवळला. आता अर्धा किलो, वर दहा ग्रॅम. दहा वेळा टांगून बघितलंय. आणि चाप? आधी मऊ, मग अडतो, मग काहीच नाही. सुटला हे सुटल्यावरच कळतं.

मिस्त्री म्हणाले, काम माझंच म्हणून सांगा, माझ्या नावावर पोरीचा हात स्थिर राहील. मी हो म्हटलं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. तुझं बोट ज्यावर टेकणार तिथे खोटं कसं ठेवू? आज सकाळी त्यांना जाऊन सांगितलं, मी तिला लिहिणार. त्यांनी पाठ फिरवली, बराच वेळ उगीच डबे लावत राहिले. मग तुझा जुना तुकडा, होता तसाच, कागदात बांधून दिला. पेटीत डाव्या कोपऱ्यात बघ. दोन दिवस आहेत. नवा ओढून बघ, बोटाला विचार. नाही पटला तर सरांकडून जुना बसवून घे, मी रुसणार नाही, तुझी शपथ. पुडीवर 'जुना' असं लिहिलंय, ते वेडंवाकडं अक्षर माझं नाही. मी लिहू का, विचारलं होतं. म्हणाले, नको, मीच लिहितो. पोरीला दिसू दे.

तुझीच,
काजवाली आजी