वास घेतला, चव नाही

आप्पा, तुम्ही जाऊन आता नऊ वर्षं होतील. निफाडच्या त्या गुरुवाराबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही, म्हणून लिहिते आहे. ऐंशी साल उजाडायचं होतं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मला तिकडच्या एका वाइन कारखान्याने प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती, आणि तुम्ही दर रविवारी विहारात वस्तीला पंचशील देत होता. दारूपासून लांब राहण्याचं पाचवं शील तुम्ही नुसतं म्हणत नव्हता. वस्तीतल्या कितीतरी जणांची दारू तुम्ही सोडवली होती. काका दारातूनच ओरडले, "पोरीला बीएस्सी केली ती दारू गाळायला का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "नाही म्हणायच्या आधी बघून तरी येऊ," आणि सातपूरच्या कारखान्यातून दिवसाची रजा घेतलीत.

राजदूत मोटारसायकलवर आपण निघालो. तुम्हाला घाई नव्हती. वाटेत एका द्राक्षबागेत तुम्ही मांडवाखाली वाकून शिरलात आणि घडांच्या आधी तारा पाहिल्यात, बोटाने वाजवून, ताण बरोबर आहे का म्हणून. कालव्याच्या कडेला डबा खाल्ला. दुपारी आपण वाइन कारखान्यात आहोत, आत गार आहे, आणि पिंपांवरचा म्हातारा मुकादम तुमच्यापुढे पेला धरून उभा आहे.

"घ्या की पाव्हणं, लय भारी हाय."

"मी वास घेतो. वासाला शील आड येत नाही."

"आसं कुठं आसतंय? लग्नाला यायचं आन् नुसता मांडव बघून जायचं?"

तुम्ही हसलात, पण पेला ओठांना लावला नाहीत. तीन पेल्यांचा वास घेतलात आणि तिसरा बाजूला सारलात. "हा बिघडणार, आंबट होणार." मुकादमाने पुन्हा हुंगून पाहिलं आणि तो पेला ओतून टाकला. ते खरं होतं. मला ते ठरवायला परीक्षानळी लागली असती.

मग माझी पाळी. मुलाखतीच्या दिवशी शिकवलं होतं तसा मी घोट तोंडात फिरवला, बादलीत थुंकले, वहीत लिहिलं. तुम्ही, जन्मभर कारखान्यात मापाचा गेज लावून माल पास-नापास करणारे, माझ्याकडे बघत होता.

"सगळं थुंकतेस?"

"सगळं."

"मग ही तपासणीच झाली," म्हणालात. परतताना एवढंच, "रुजू हो."

रविवारी वंदना संपल्यावर, कोणी काही बोलायच्या आत, तुम्हीच उभे राहिलात आणि माझी नोकरी कुठे आहे ते सांगितलंत. मागून कुणीतरी टोमणा मारला, "आता विहारात बाटल्या येणार वाटतं, आप्पा!"

"येणार नाहीत. पण तोंडात घेऊन थुंकून टाकायची ज्याची तयारी असेल, त्याने हात वर करावा."

एकही हात वर आला नाही. मग सगळे हसले, काकासुद्धा. वस्तीसमोर इतकं सरळ उभं राहणं मला आजही जमत नाही.

म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. गुरुवारी आपण निघालो, त्याच्या तीन दिवस आधी, सोमवारी, मी होकाराच्या पत्रावर सही करून ते पोस्टात टाकलं होतं. तुम्ही माझ्यासाठी रजा घेतलीत, विचार केलात, विहारात उभे राहिलात, आणि मी तुम्हाला ते करू दिलं. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी ऐकलं असतं का, ते मला सांगता येत नाही.