शेपटीवाली सही

४ ऑगस्ट
बोका पकडला गेला! म्हणजे मी.
कॉलेजात मतदार नोंदणीचं टेबल लागलंय. कोरे अर्ज पडले होते. एक उचलला आणि हॉस्टेलच्या बोक्याचा भरला. वय – अठरा पूर्ण. व्यवसाय – उंदीर. वडिलांचं नाव – चौकशी चालू आहे. फोटोपण चिकटवला, दोन्ही कान दिसतील असा. नागरिकशास्त्राच्या मॅडमनी सगळ्या वर्गासमोर वाचला. हसल्या नाहीत. वाईट वाटलं, मेहनत घेतली होती.
शिक्षा – आठवडाभर त्याच टेबलावर बसून पोरांचे अर्ज भरून द्यायचे.

६ ऑगस्ट
दिवसभर तीच टेप. वयाचा पुरावा आण. पत्त्याचा पुरावा आण. फोटो आण, गॉगलवाला नको. हॉस्टेलची पोरं एकाच रकान्यात अडकतात – पत्ता कुठला टाकू? मॅडमनी माझ्याकडून पाठ करून घेतलंय: विद्यार्थ्याला घरचाही चालतो, हॉस्टेलचाही चालतो. पण एकच. दोन्हीकडे नाव घातलंस तर गुन्हा.
जाड्या – माझा रूममेट – म्हणाला, 'मी कँटीनचा टाकतो. मुक्काम तिथंच असतो.'
आणि दर अर्जाला ओरडायचं – वाचून सही करा रे! कोणी वाचत नाही. मधेच एकापुढे कागद सरकवला – 'मी माझी सायकल याला देऊन टाकली.' केली की सही! सायकल परत दिली. घंटी ठेवून घेतली.

७ ऑगस्ट
माझा अर्ज भरला. पत्ता घरचा.
कारण नर्सबाई. घरच्या वॉर्डातून त्या निवडणुकीला उभ्या आहेत, आणि त्यांच्यासमोर आमचे बंधुराज. बाबा सरकारी दवाखान्यात शेवटचे एकवीस दिवस होते. दादा दोनदा आला, दोन्ही वेळा फोनवर बोलत. नर्सबाई ड्यूटी संपल्यावर थांबायच्या. बाबांची दाढीसुद्धा त्यांनी केली – मला जमेना म्हणून.
माझं पहिलं मत त्यांना. बस.

९ ऑगस्ट
झाडूवाल्या मावशी आल्या टेबलाशी. 'अंगठा चालतो ना रे?' चालतो म्हटलं. मग शाईचं बोट पायरीवर घासत बसल्या.
आई आठवली. आठवीत प्रगतिपुस्तकावर तिची सही मी मारायचो. पकडला गेलो, तिला शाळेत बोलावलं, सगळ्या मास्तरांसमोर अंगठा द्यायला लावला. घरापर्यंत बोट पुसत आली. त्याच संध्याकाळी जुन्या वहीत तिला सही शिकवली. गंमत म्हणून शेवटच्या अक्षराला उंदराची शेपटी लावायला लावली – म्हटलं, मोठ्या माणसांची सही अशीच असते! जीभ दातात धरून गिरवली बिचारीनं. अजून तशीच करते, शेपटीसकट. वाचायलापण शिकव म्हणाली होती. पुढच्या आठवड्यात म्हटलं. कुठला पुढचा आठवडा!

१३ ऑगस्ट
घरी जाऊन आलो. जायला नको होतं.
दादाच्या माणसांना दादाचं भाषण करून दाखवलं – ते नाक ओढून 'बंधूंनोऽऽ' म्हणणं. सगळे लोळले. अचानक गप्प झाले. दादा मागे उभा!
'मत कुणाला देणार, तेपण सांग यांना.'
सांगितलं. नर्सबाईंना.
'तू राहतोस कुठं रे या घरात? महिन्यातनं एकदा धुणं घेऊन येणारा पाहुणा तू!'
आई चहा गाळत होती. चहा गाळून झाला तरी गाळणीकडेच बघत राहिली.
जेवलो नाही. धुणं तसंच परत आणलं.

१९ ऑगस्ट
फोनवर मेसेज – तुमच्या नावावर हरकत आली आहे. 'या पत्त्यावर राहत नाही.' सुनावणी सत्तावीसला. हरकत कुणाची ते लिहिलं नाही. लिहायला कशाला पाहिजे? दादा, तुझंच वाक्य आहे!
मॅडम म्हणाल्या, 'घाबरतोस काय? विद्यार्थी आहेस. मला घरचाच पत्ता हवाय, एवढं म्हण. संपलं.'

२७ ऑगस्ट
वाक्य पाठ करून गेलो. दादाच्याच आवाजात म्हणणार होतो, नाक ओढून.
सुनावणीचे साहेब चष्मा कपाळावर ठेवून बसलेले. 'हरकत घेणाऱ्या बाई आल्या नाहीत. तब्येत बरी नाही, असं मुलगा सांगून गेला.'
बाई? कोण बाई?
त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. खाली सही. शेवटच्या अक्षराला शेपटी.
'आईच ना तुमची? हे बघा, विद्यार्थ्याला मुभा असते. इथं नाव हवं म्हणा, मी आत्ता हरकत फेटाळतो.'
पाठ केलेलं वाक्य गिळलं. म्हटलं, 'आईच म्हणते राहत नाही, तर नसेन राहत. काढा नाव.'
'अहो, हॉस्टेलच्या पत्त्यावर घालायची मुदत काल संपली. नाव कुठंच राहणार नाही तुमचं.'
'काढा म्हटलं ना!'
चष्मा डोळ्यांवर घेतला. बघितलं माझ्याकडे. काढलं.

२८ ऑगस्ट
आईचे चार फोन. उचलले नाहीत.

२ सप्टेंबर
मॅडमना कळलं. 'गाढवा, एका वाक्याचं काम होतं!' तू भरलेले एकशे बारा अर्ज मंजूर झाले, म्हणाल्या. 'आणि तुझा?'
म्हटलं, बोक्याचा राहू दिला असतात तर निदान आमचं एक मत पडलं असतं.
हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही.

११ सप्टेंबर
आईचा नंबर ब्लॉक केला.
दादाचं मला काही वाटत नाही. तो दादाच आहे. पण हिनं! दादा रागावेल म्हणून गप्प बसते, तेवढं कळतं. सही करायची? मी वळण लावलेल्या हातानं, मी शिकवलेल्या अक्षरात, मलाच घराबाहेर काढायचं? चांगले पांग फेडलेस, आईसाहेब! शेपटी तरी वगळायचीस.

२० सप्टेंबर
आज मतदान. जाड्या सकाळीच जाऊन आला. शाईचं बोट माझ्या नाकासमोर नाचवतो. 'तुझं दाखव की!'
उशी फेकून मारली. मग बूट.

२० सप्टेंबर, दुपारी
जाड्याच्या फोनवर आई. नंबर कुठून मिळवला कोण जाणे.
'अरे, तुझा फोनच लागत नाही. सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी आहे मी, तू मत द्यायला येशील म्हणून. मी दिलं – नर्सबाईंना. दादाला सांगू नकोस हं! बिचारा रागावला होता, पण तुझं नाव यादीत घालायचा कागद त्यानंच आणला. मी लगेच सही केली. शेपटीसकट! पाचपर्यंत आहे म्हणतात. येतोस ना?'
येतो, म्हटलं.